दुसरी वस्तू

१

जयवंतीबाई परुळेकर कोणाच्याही घरी गेल्या, तरी खुर्चीवर बसत नसत. यजमान आग्रह करीत, पंखा लावीत, उशी पुढे सरकवीत. त्यावर त्या हसून म्हणत, "मी पाहुणी नाही हो, कामाला आले आहे." मग ज्या व्यक्तीसाठी आल्या असतील ती जेथे बसली असेल, तिच्याहून वीतभर खाली जागा शोधून त्या मांडी घालीत. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडे वरून पाहू नये, असे त्यांचे मत होते. आणि त्यांची मते एकदा ठरली की सहसा बदलत नसत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम पत्करले होते. ज्या प्रौढांची समज जन्मतःच अपुरी आहे, त्यांना कायदेशीर पालक नेमून देण्याची व्यवस्था त्या सुमारास नुकतीच सुरू झाली होती. आईवडील गेले की भाऊ किंवा पुतण्या जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करी. अर्जात त्या माणसाच्या हिताचे सर्व काही लिहिलेले असे. त्याचे स्वतःचे म्हणणे तेवढे नसे. ते आणून देणे हे जयवंतीबाईंचे काम होते. त्या नात्याने कोणाच्या नव्हत्या, पगाराने कोणाच्या नव्हत्या, म्हणूनच समितीचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता.

त्यांची रीत साधी होती. माणसासमोर दोन वस्तू ठेवायच्या, हात मागे घ्यायचे, नजर खाली ठेवायची आणि थांबायचे. माणसाने एक उचलली की उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे करून पुन्हा विचारायचे; कारण पुष्कळांना उजव्या हाताची नुसती सवय असते आणि आपण सवयीलाच इच्छा समजून बसतो. दोन्ही वेळा तीच वस्तू उचलली गेली, तर ते उत्तर. मग ते कोणाला रुचो वा न रुचो, ते पाळायचे.

"आमची बाई देवळाबाहेर कौल लावते," असे त्यांचे यजमान रमेशराव माणिकपूरच्या शेजाऱ्यांना सांगत. दोघेही मूळचे कोकणातले. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या लावून कोणती आधी पडते हे पाहण्याची चाल दोघांनाही ठाऊक होती.

"कौलात देवाला विचारतात," जयवंतीबाई उत्तर देत. "त्याला विचारणारे पुष्कळ आहेत."

२

दोन हजार चार सालच्या जानेवारीत वसईजवळच्या वटार गावातल्या एका घराचे काम त्यांच्याकडे आले. आग्नेल नावाच्या गृहस्थाने आपल्या थोरल्या बहिणीचे पालकत्व मागितले होते. आई, क्लेमेंटीन, वर्षापूर्वी वारली होती. आग्नेल एका कारखान्यात फिटर होता आणि वसई रोडला फ्लॅटमध्ये राहत होता. बहिणीला होळी या गावाजवळ ख्रिस्ती सिस्टरांनी चालविलेल्या आश्रमात ठेवावे आणि घर विकावे, असा त्याचा विचार होता. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

"मॅडम, तुम्ही आलात ते बरंच झालं," तो पडवीत म्हणाला, "पण ती काय सांगणार? तिला आज वार कोणता तेसुद्धा ठाऊक नाय."

"वार मलाही पुष्कळदा ठाऊक नसतो," जयवंतीबाई म्हणाल्या. "म्हणून मला कोणी न विचारता उचलून नेत नाही. कोठे आहेत पॉलिनताई?"

"ताई?" आग्नेलला हसू आले. "तिला ताई म्हणणाऱ्या तुम्ही पयल्याच."

घर कौलारू, लांबट होते. पुढे पडवी, मग बैठकीची खोली, स्वयंपाकघर, आणि त्यामागे एक बोळ. बोळाच्या शेवटी ठेंगणे दार असलेली एक खोली होती. वाडी भरात होती तेव्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत राजेळी केळ्यांचे घड पिकत घालीत आणि मग उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करीत. विहिरीचे पाणी मचूळ झाले, केळी गेली, आणि खोली कित्येक वर्षे रिकामी होती. तिचे दार मात्र उघडेच असे. त्याच्या उंबरठ्यापाशी, दाराकडे तोंड करून, पॉलिन बसली होती.

वय पंचेचाळिशीचे असावे. अंगात फुलाफुलांचा गाऊन, केस आखूड कापलेले, त्यांवर तांबडा हेअरबँड. जयवंतीबाईंनी रीतीप्रमाणे तिच्याहून खाली बसायचे ठरविले; पण पॉलिन जमिनीवरच बसली होती, आणि तीही अशी दबून, पाठ वाकवून, की तिच्याहून खाली बसायला जागाच उरली नव्हती. एवढे खाली ती कोणासाठी बसली आहे, असा प्रश्न त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेला. मग त्यांनी तो सोडून दिला.

"बाई, इकडं बसा," स्वयंपाकघरातून बायजा म्हणाली. ही दिवसभर पॉलिनला सांभाळणारी बाई. "तिथं उकडतं."

"जानेवारीत?"

"जानेवारीत पन," बायजा म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

३

पहिल्या दिवशी जयवंतीबाईंनी तिला बैठकीच्या खोलीत आणून तिच्यापुढे दोन कंगवे ठेवले, एक तांबडा आणि एक निळा. पॉलिनने दोन्ही पाहिले. मग एकही न निवडता दोन्ही उचलले आणि त्यांच्याकडे पाठ करून पुन्हा बोळात गेली. पुष्कळ वेळाने ती परत आली, तांबडा कंगवा तिने जयवंतीबाईंच्या मांडीवर ठेवला आणि निळा बाजूला टाकला. बाजू बदलून विचारले, तरी तसेच घडले. दोन्ही वेळा तांबडा.

त्यांना कौतुकच वाटले. आयुष्यात इतक्या माणसांना विचारले, पण उत्तर देण्याआधी एकांतात जाऊन विचार करणारे कोणी भेटले नव्हते. कंगवा पिशवीत टाकताना तो कोमट लागला. तिने मुठीत घट्ट धरला असेल, असे त्यांनी मनाशी म्हटले.

दुसऱ्या खेपेस त्यांनी बायजाकडून एका कपात चहा आणि दुसऱ्या कपात माठातले पाणी मागून घेतले. पॉलिन दोन्ही कप सांभाळून, थेंबही न सांडता, बोळात घेऊन गेली. परत आली ती पाण्याचा कप पुढे करीत. जयवंतीबाईंनी तो हातात घेतला आणि खाली ठेवला. कान धरवत नव्हता, इतका तो तापला होता. आणि चहा, जो वाफाळता गेला होता, तो विहिरीच्या तळासारखा गार झाला होता.

जयवंतीबाई विचार करणाऱ्या बाई होत्या. चुलीची भिंत त्या खोलीला लागून असेल, म्हणून त्यांनी उठून पाहिले. चूल घराच्या दुसऱ्या अंगाला होती. फळे कुजताना ऊब सुटते हे त्या शाळेत शिकवीत असत. पण कुजायला खोलीत काही नव्हते. त्यांनी दारातून वाकून पाहिले. शेणाने सारवलेली जमीन आणि मागे काळोख. पिकल्या केळ्यांचा गोड, दाट वास मात्र आत होता.

"आत काय आहे, बायजाबाई?"

"मी नाय बघितलं कदी."

"इतक्या वर्षांत?"

"माजं काम सैपाकघरापतोर," बायजा म्हणाली. "पॉलिनबायचं तिकडं. लानपनापासून ती तिथंच बसतं. कायबाय ठेवतं, थांबतं. म्हातारी म्हनायची, घूस हाय."

"घूस वस्तू तापवते होय?"

"बाई, तुमी शिकलेल्या," बायजाने विळीवरून मान वर केली नाही. "तुमीच सांगा."

४

त्यानंतरच्या आठवड्यात आग्नेलला घेऊन जयवंतीबाईंनी पॉलिनला होळीचा आश्रम दाखविला. ज्या जागेबद्दल विचारायचे, ती माणसाने पाहिलेली असावी, हाही त्यांचा नियम होता. सिस्टर लिडियांनी सर्वांना पारावर बसविले. समोर भाजीच्या वाफ्यांना पाणी सोडले होते, चारपाच बायका मुळे धुवीत होत्या आणि त्यांच्यातली एक मोठ्याने, बेसूर, अत्यंत आनंदाने गात होती.

"ही आमची रेडिओ," सिस्टर म्हणाल्या. "बंद करायचं बटन नाही तिला."

पॉलिन हसली. आग्नेलने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तिला हसताना त्याने कधी पाहिले होते की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

जयवंतीबाईंनी चहाचा आणि पाण्याचा कप पुढे ठेवला. पॉलिनने आजूबाजूला पाहिले. उठली नाही, कोठे गेली नाही. तिचा हात सरळ चहाच्या कपावर गेला. बाजू बदलली, पुन्हा चहा, आणि या वेळी तो घटाघटा पिऊन टाकलेला. कंगवे ठेवले, तिने निळा उचलला, दुसऱ्यांदाही निळाच, आणि तो त्या गाणाऱ्या बाईच्या केसांत खोचून आली.

"बघा, तिला कळतं," आग्नेल हळूच म्हणाला.

जयवंतीबाईंनी रिकामा कप उचलला, आणि मग त्यांच्या ध्यानात आले. वटारच्या घरात जी उत्तरे त्यांनी इतक्या काळजीने टिपली होती, त्यातले एकही पॉलिनचे नव्हते. तिला चहा हवा होता आणि ती पाणी आणून देत होती. तिला निळा कंगवा आवडत होता आणि ती तांबडा आणून देत होती. जे काम त्या स्वतः पॉलिनसाठी करीत होत्या, तेच काम पॉलिन कोणासाठी तरी करीत होती.

निघताना सिस्टरांनी पॉलिनला चौकड्यांचा एक हातरुमाल दिला. घरी पोहोचेपर्यंत तिने तो गालाला लावून ठेवला होता.

५

समितीपुढे म्हणणे मांडण्याचा दिवस जवळ आला. जयवंतीबाई टळटळीत दुपारी वटारला गेल्या. आग्नेल पडवीत थांबला. बायजा आपले काम उरकून घरी गेली होती. बाहेर कोणाच्या तरी वाडीत पंप चालू होता आणि त्याचा एकसुरी आवाज बोळात येत होता.

बैठकीच्या खोलीत त्यांनी पॉलिनसमोर दोन वस्तू मांडल्या. या घराची किल्ली आणि आश्रमातला तो हातरुमाल.

"पॉलिनताई," त्या म्हणाल्या, "येथे राहायचे, की तेथे?"

पॉलिनने रुमाल झटकन उचलून छातीशी धरला. मग तिची मान हळूहळू बोळाकडे वळली आणि चेहरा उतरला. तिने किल्लीही उचलली आणि आत गेली.

या वेळी जयवंतीबाई तिच्या मागोमाग गेल्या. पॉलिन उंबरठ्यापाशी बसली. किल्ली आणि रुमाल तिने दाराच्या आत, काळोखाच्या कडेला मांडले. हात मागे घेतले, नजर खाली वळविली आणि थांबली. हे सर्व तिने इतके शुद्ध, इतके निर्दोष केले की जयवंतीबाईंना आपली पस्तीस वर्षांची नोकरी आणि त्यानंतरचे हे काम कच्चे वाटू लागले. आतून ओल्या फडक्याने जमीन पुसावी तसा एक आवाज आला. पॉलिनने पाहिले. किल्ली उंबरठ्याजवळ सरकली होती. तिने दोन्ही वस्तूंच्या बाजू बदलल्या आणि पुन्हा थांबली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा किल्ली.

पॉलिनने ती उचलून जयवंतीबाईंच्या हातात दिली. किल्ली तापली होती आणि पॉलिनच्या गालांवरून पाणी ओघळत होते. पण उत्तर तिने जसेच्या तसे आणून दिले होते. आयुष्यभर ते तसेच आणून दिले होते. ज्या बाईला स्वतःच्या गाऊनचे बटण लावता येत नव्हते, तिने दुसऱ्याच्या मनात स्वतःचे मन एकदाही मिसळले नव्हते. असा निःस्पृह माणूस जयवंतीबाईंनी कोणत्याही कचेरीत पाहिला नव्हता.

'पॉलिनला आश्रमात जायचे आहे' एवढे लिहून दिले असते, तर काम संपले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. पण पॉलिन तेथे पारावर बसून या दाराकडे मान वळवीत राहिली असती, हे त्यांना दिसत होते. ज्याला दुसरे कोणी विचारणार नाही, त्याला टाकून ती मनाने कधीच निघाली नसती. तेव्हा आता तिला जाऊ द्यायचे की नाही, हे आतल्यालाच विचारले पाहिजे. आणि ते पॉलिनने विचारणे योग्य नव्हते, कारण प्रश्न तिच्याचविषयी होता.

"सरकता का जरा?" त्या म्हणाल्या.

पॉलिन सरकली. जयवंतीबाई तिच्या जागी बसल्या, तिच्यासारख्याच पाठ वाकवून. गोड वासाची ऊब तोंडावर आली. त्यांनी पॉलिनच्या केसांतला तांबडा हेअरबँड तिला विचारून काढून घेतला आणि आत ठेवला. पॉलिनऐवजी तो. ही एक वस्तू झाली.

पण एकच वस्तू पुढे ठेवणे म्हणजे प्रश्न नव्हे, तो हुकूम. दुसरी वस्तू हवी होती. पिशवी बैठकीच्या खोलीत राहिली होती. मुकाट्याने उठून ती आणता आली असती; पण मांडलेला प्रश्न अर्धवट टाकून उठणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. त्यांचा हात आपसूक डोळ्यांकडे गेला. त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि हेअरबँडशेजारी ठेवला. हात मागे घेतले.

नजर खाली वळवितानाच त्यांना उमगले की आपण काय विचारून बसलो आहोत. पण वस्तू मांडून झाल्या होत्या.

पडवीत आग्नेल खोकला. पंप थांबला. फडके फिरल्याचा आवाज या वेळी फार हळू, जणू कोणी आदराने हात चालवावा, तसा आला.

त्यांनी पाहिले. हेअरबँड होता तेथेच होता. चष्मा उंबरठ्याला टेकला होता आणि त्याच्या दोन्ही काचांवर आतून श्वास सोडल्यासारखी वाफ धरली होती.

तरी जयवंतीबाईंनी बाजू बदलल्या. नियम तो नियम. आपल्यापुरता तो सोडला, तर आजवर ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांना आपण फसविले, असे झाले असते. त्या थांबल्या.

पुन्हा चष्मा.

पॉलिनने वाकून हेअरबँड उचलला, स्वतःच्या हाताने केसांत घातला, वाकडाच, आणि उठली. ती बोळातून, स्वयंपाकघरातून, बैठकीच्या खोलीतून चालत पडवीत गेली आणि आग्नेलशेजारी रस्त्याकडे तोंड करून बसली. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

६

समितीने आग्नेलला पालक नेमले आणि पॉलिन आश्रमात राहायला गेली. सिस्टर लिडिया सांगत, की आता त्यांच्याकडे दोन रेडिओ आहेत. दुसऱ्याला शब्द येत नाहीत, एवढेच.

जयवंतीबाईंनी आग्नेलची वटारला गाठ घेतली.

"घर विकायचे ते खुशाल विका," त्या म्हणाल्या. "मागली खोली मात्र तूर्त पाडू देऊ नका. मी अधूनमधून येत जाईन."

"त्या खोलीत काय हाय, मॅडम?"

"तुम्ही कधी पाहिलेत?"

आग्नेल खिशातून किल्ली काढून तिच्याकडे पाहत राहिला. "आई शेवटी शेवटी म्हणायची, पॉलिनला तिथून उठवू नको. मी म्हटलं, म्हातारी बरळते." त्याने किल्ली दिली. "या कामाचा पगार कोण देतं तुम्हाला?"

"कोणी नाही. म्हणून तर मला काढून टाकता येत नाही."

तो हसला, पण त्याने पडवीची पायरी ओलांडली नाही.

त्या एकट्या गेल्या तो गुरुवार होता. रमेशरावांना त्यांनी सांगितले, की एका माणसाकडे जायचे आहे, ज्याला विचारणारे कोणी उरलेले नाही. आणि ते खरेच होते. बाहेरचे दार त्यांनी आतून लावले, किल्ली कुलपातच ठेवली आणि बोळाच्या शेवटी जाऊन बसल्या. वाटेभर त्यांची बुद्धी त्यांना समजावीत आली होती, की ऊब ही जुन्या भिंतींची असते, वाफ ही दमट हवेची असते, आणि साठी उलटलेल्या बाईच्या कानांवर फार विसंबू नये. त्यांनी तिचे सर्व म्हणणे नीट ऐकून घेतले. मग चष्मा काढून बाजूला ठेवला, पिशवीतून दोन कंगवे काढायला हात घातला आणि तेथेच थांबल्या.

आतून आवाज आला होता. त्यांनी अद्याप काहीच मांडले नव्हते.

उंबरठ्याच्या आत दोन वस्तू होत्या. चष्म्यावाचून त्यांना धूसर दिसत होते, तरी ओळखू आल्या. एक बाहेरच्या दाराची किल्ली. जी त्या नुकतीच कुलपात ठेवून आल्या होत्या. दुसरे एक राजेळी केळे होते, नुकते पिकलेले, पिवळेधमक, आणि त्यातून मंद वाफ निघत होती.

त्यापलीकडे, काळोख जेथे दाट होत होता तेथे, काही तरी मागे सरले. त्याला तोंड होते की नाही हे त्यांना दिसले नाही. दिसले ते इतकेच, की त्याने आपल्याजवळचे हातासारखे जे काही होते ते मागे घेतले, आणि ते खाली बसले. जमिनीशी अगदी टेकून, जमिनीच्याही खाली असावे इतके, वर न पाहता.

विचारण्याची याहून शुद्ध रीत जयवंतीबाईंनी पाहिली नव्हती. त्यांना वाटले, की ज्याला पॉलिनने इतकी वर्षे विचारले, ते काही तिच्यापासून न शिकता राहिलेले नाही. माहेरी, सासरी, शाळेत, पुढे रमेशरावांच्या घरात, सर्वांनी त्यांच्यासाठी चांगलेच ठरविले होते. दोन वस्तू त्यांच्यासमोर ठेवून कोणी नजर खाली वळविली नव्हती.

त्यांनी हात उचलला. तो बाहेर नेणाऱ्या किल्लीकडे जातो आहे की आतल्या केळ्याकडे, हे त्यांचे त्यांनाच कळेना. म्हणून त्यांनी तो पुन्हा मांडीवर ठेवला. बाहेर वाडीत कोणी तरी कोणाला जेवायला हाक मारीत होते. आत काहीच हलत नव्हते. जयवंतीबाई तशाच बसून राहिल्या. घाई करणारे तेथे कोणीही नव्हते.